कांजीचे चिनी उच्चार जपानी जिभेवर कसे बसले : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात जपानी शिकणारे उदंड, आणि त्यातला जवळपास प्रत्येकजण एन-फोर या परीक्षेच्या सुमारास एकदा तरी कांजीची, म्हणजे जपानीत वापरल्या जाणाऱ्या चिनी चिन्हांची, वही मिटून बाजूला टाकतो. चिन्हं काढायला जमतात, अर्थही लक्षात राहतो. गाडं अडतं ते उच्चारांपाशी. मी शिकवते तिथे दर तुकडीत तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली.

लेखनाबद्दल एक सूचना. जपानीत स्वर लांबला की अर्थ बदलतो. म्हणून लांब 'ओ' दाखवायला पुढे अवग्रह (ऽ) दिलाय, आणि शब्दाच्या शेवटचे इकार-उकार मराठीचा नियम मोडून ऱ्हस्व ठेवलेत. शुद्धलेखनवाल्यांनी क्षमा करावी.

एका चिन्हाला इतके उच्चार कशाला?

'जाणे' या अर्थाचं चिन्ह घ्या. धार्मिक साधनेला शुग्योऽ म्हणतात, त्यात ते 'ग्योऽ' आहे. प्रवासाला र्योकोऽ, त्यात 'कोऽ'. झेन भिक्षू गावोगाव पायी फिरतात त्याला आन्ग्या, त्यात 'आन'. आणि नुसतं क्रियापद म्हणून आलं की 'इकु'. यातला इकु अस्सल जपानी शब्द आहे, चिन्ह येण्याच्या आधीपासूनचा. बाकी तिन्ही एकच चिनी शब्द आहे, पण तीन वेगवेगळ्या शतकांत, तीन वेगवेगळ्या लोकांनी आणलेला. साधनेतला ग्योऽ बौद्ध धर्माबरोबर आला, प्रवासातला कोऽ दरबारी विद्वानांबरोबर, आणि पदयात्रेतला आन झेन पंथाबरोबर.

हे आपल्याला फार परकं वाटायला नको. 'कार्यालयात कामकाज चालतं' या वाक्यात 'कार्य' दोनदा आलंय: एकदा संस्कृतातून उचललेलं, एकदा प्राकृतात झिजून 'काज' झालेलं. आपण दोन्ही ठेवली, कुणी तक्रार केली नाही. फरक इतकाच की देवनागरीत दोघांचं लेखन वेगळं आहे, त्यामुळे गोंधळ होत नाही. जपानीत तिन्ही उच्चारांच्या डोक्यावर एकच चिन्ह.

हे उच्चार आले कधी आणि कुठून?

पहिली मोठी लाट साधारण ५व्या-६व्या शतकातली. कोरियाच्या नैर्ऋत्येला बेक्जे नावाचं राज्य होतं. त्याच्यामार्फत बौद्ध ग्रंथ, लेखनिक आणि कारागीर जपानात आले. त्यांच्याबरोबर आलेले उच्चार दक्षिण चीनच्या, म्हणजे आजच्या नानजिंगच्या बाजूच्या वळणाचे. त्यांना गो-ओन म्हणतात. गो म्हणजे त्या भागाचं जुनं नाव, ओन म्हणजे ध्वनी.

दुसरी लाट चीनच्या थांग राजवटीच्या काळातली. इ.स. ६३० पासून जपानी दरबार चीनला अधिकृत शिष्टमंडळं पाठवू लागला. शेवटचं गेलं ८३८ मध्ये, आणि ८९४ मध्ये प्रथाच थांबली. ही मंडळी चांगआनला, म्हणजे आजच्या शिआनला जात, वर्षानुवर्षं राहत आणि राजधानीची भाषा शिकून परतत. तिथला उच्चार हाच खरा, असं त्यांचं ठाम मत झालं. हा कान-ओन. जुन्या उच्चारांना 'गो', म्हणजे त्या प्रांताकडचे, हे नाव याच मंडळींच्या काळात थोडं नाक मुरडून पडलं. ८व्या शतकाच्या अखेरीस सम्राट काम्मुच्या दरबाराने विद्यार्थ्यांनी आणि भिक्षूंनी कान-ओनच शिकावा असं फर्मानही काढलं. कन्फ्यूशियसच्या ग्रंथांपुरतं ते चाललं. देवळात मात्र लोक पाठ झालेलं स्तोत्र बदलायला तयार नव्हते. आपल्याकडे एखाद्याने आरतीतले उच्चार सुधारून म्हणा असं सांगून बघावं! बौद्ध सूत्रं आजही मुख्यतः गो-ओनमध्येच म्हटली जातात.

तिसरी लाट १२व्या-१३व्या शतकापासून पुढे हळूहळू, झेन भिक्षू आणि व्यापाऱ्यांबरोबर. ती तोऽ-ओन, तिच्याकडे पुढे येते.

गो-ओन आणि कान-ओन ओळखायचे कसे?

माझी स्वतःची फजिती सांगते. क्योतोतल्या एका देवळाच्या दारात पाटी होती, दोन चिन्हांची: 'सीमा' आणि 'आत'. मला पहिल्याचा क्योऽ माहीत होता, दुसऱ्याचा नाइ. मी मोठ्या आवाजात वाचलं, 'क्योऽनाइ'. शेजारी झाडलोट करणारे आजोबा हात न थांबवता म्हणाले, 'केइदाइ'. केइदाइ म्हणजे देवळाचं आवार.

घरी येऊन बसले तेव्हा उलगडलं की माझं उत्तर चुकलं असलं तरी वेडगळ नव्हतं. मी दोन्ही चिन्हं गो-ओनमध्ये वाचली होती. तो शब्द दोन्ही कान-ओनमध्ये वाचायचा आहे. आणि नाइचं दाइ होण्यामागे एक पक्का नियम आहे.

७व्या-८व्या शतकात चांगआनच्या लोकांच्या तोंडी शब्दाच्या सुरुवातीचे न आणि म अर्धवट नाकातले राहिले होते. 'न्द' आणि 'म्ब' असे काहीतरी ऐकू यायचे. जपानी कानाने त्यातला द आणि ब धरला. म्हणून गो-ओनमधला न कान-ओनमध्ये द होतो, म चा ब होतो. पुरुष: नान आणि दान. तांदूळ: माइ आणि बेइ. सौंदर्य: मि आणि बि. झाड: मोकु आणि बोकु. 'नि', 'न्यो' यांसारख्या तालव्य उच्चारांचा 'ज' होतो: माणूस निन आणि जिन, बाई न्यो आणि जो. 'स्त्री-पुरुष' हा शब्द कचेरीच्या कागदावर दान्जो असतो, पण 'आबालवृद्ध, बायाबापड्या' अशा जुन्या वळणाच्या रोऽन्याकु-नान्न्यो या शब्दात तीच दोन चिन्हं नान्न्यो होतात.

दुसरा नियम घोष-अघोषाचा. दक्षिणेकडच्या चिनीत ग, द, ब, झ शाबूत होते, ते गो-ओनमध्ये उतरले. चांगआनमध्ये तोवर त्यांचा घोष गेला होता. म्हणून देव हा जिन्जा (देऊळ) मध्ये जिन, पण शिन्वा (पुराणकथा) मध्ये शिन. 'मोठा' हा दाइगाकु (विद्यापीठ) मध्ये दाइ, पण ताइरिकु (खंड) मध्ये ताइ. 'सपाट' हे चिन्ह ब्योऽदोऽ (समता) मध्ये ब्योऽ, आणि हेइवा (शांतता) मध्ये हेइ.

अपवाद? आहेत. 'तेजस्वी' या चिन्हाचा गो-ओन म्योऽ आणि कान-ओन मेइ. म चा ब झालाच नाही. कारण त्या चिनी शब्दाच्या शेवटी ङ होता, आणि शेवटी ङ असला की सुरुवातीचा अनुनासिक सहसा टिकून राहिला.

मग देशाचं नाव निप्पोन, निहोन की जपान?

तिन्ही एकाच दोन चिन्हांचे: 'सूर्य' आणि 'मूळ'. सूर्याचा गो-ओन निचि, मूळ उच्चार 'नित'च्या जवळचा, मुळाचा 'पोन'. नित-पोनचं निप्पोन, पुढे ते सैल पडून निहोन. सरकारने २००९ मध्ये सांगितलं की दोन्ही चालतात, एकच ठरवायची गरज नाही. 'जपान'मधला ज मात्र चीनमध्येच नंतर बदललेल्या उच्चाराचा. मलाय आणि पोर्तुगीज खलाशांच्या तोंडून तो फिरत आपल्यापर्यंत आला. वरचा निन-जिनचा खेळ आठवला तर नि आणि ज एकाच चिन्हाचे कसे, याचं नवल वाटणार नाही.

चिनी 'ह' जपानीत 'क' कसा झाला?

मँडरिनमध्ये, म्हणजे आजच्या प्रमाण चिनीत, समुद्र हाय, जपानीत काइ. फूल ह्वा, जपानीत का. सरोवर हू, जपानीत को. 'हान' लोकांची अक्षरं हान-त्झ, जपानीत कान्जि. हे इतकं नियमित आहे की मुलं आधी हसतात आणि मग पाठ करतात.

कारण साधं आहे: त्या काळच्या जपानीत ह नव्हताच. घशातून येणारा तो ध्वनी ऐकून त्यांच्याजवळचा सगळ्यात मागचा व्यंजन, म्हणजे क, लावला गेला (गो-ओनमध्ये कधीकधी ग).

मराठी माणसाला याचा सगळ्यात सुंदर पुरावा जपानी देवळात ऐकायला मिळतो. तिथे रोज म्हटलं जाणारं सूत्र असं सुरू होतं: 'माका हान्न्या हारामित्ता शिन्ग्योऽ'. कान देऊन ऐका. माका म्हणजे महा. ह चा क झाला. हान्न्या म्हणजे प्रज्ञा, प्राकृत पञ्ञाच्या वळणाने आलेली. हारामित्ता म्हणजे पारमिता. शेवटी हृदय आणि सूत्र यांचं भाषांतर केलंय, शिन आणि ग्योऽ. महाप्रज्ञापारमिताहृदयसूत्र चिनी अक्षरांत उतरलं, आणि ती अक्षरं जपानी तोंडाने वाचली. होमहवनाचा होमही असाच 'गोमा' झाला, आणि शिन्गोन पंथाच्या देवळांत आजही गोमा पेटतो.

महाचा ह गेला, मग प्रज्ञेचा आणि पारमितेचा प जाऊन ह कुठून आला? हे उलटंच नाही का?

हा माझा आवडता प्रश्न, आणि दर वर्षी एक तरी हुशार मुलगी तो विचारते.

उत्तर काळात आहे. चिनी शब्द आले तेव्हा आजच्या 'हा, हि, हु, हे, हो' या ओळीचा उच्चार 'पा, पि, पु, पे, पो' असा होता. म्हणून प्रज्ञा आणि पारमिता तेव्हा 'प'नेच म्हटल्या गेल्या. पुढे हा प सैल पडत दोन ओठांतून फुंकलेला फ झाला, आणि १७व्या-१८व्या शतकापर्यंत ओठ सुटून ह उरला. महाच्या ह ला क मिळून गेला होता, तो तसाच राहिला. बस चुकलेल्या माणसासारखं: खरा ह आला तेव्हा जागाच नव्हती, जागा झाली तेव्हा तो कधीच दुसऱ्या गाडीने निघून गेला होता.

पुरावा हवा? आपली वर्णमाला घ्या. जपानी अक्षरांचा क्रम असा: आ, का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. आता आपला: अ, क, च, (ट), त, न, प, म, य, र, व. भिक्षूंनी बौद्ध मंत्रांसाठी भारतातून गेलेली सिद्धम् लिपी शिकली, तिच्या वर्णक्रमाच्या प्रभावाने हा क्रम बसला. स्वरांचा क्रमही आ, इ, उ, ए, ओ. आपला प जिथे आहे तिथे त्यांचा हा बसलाय, कारण क्रम लावताना तो ओष्ठ्य होता. आणि च च्या जागी सा आहे, कारण जुना स हा च किंवा त्स च्या जवळचा असावा असं बहुतेक अभ्यासक मानतात. हा तक्ता फळ्यावर शेजारी शेजारी लिहिला की वर्गात क्षणभर शांतता पसरते. दुसऱ्या कुठल्या विद्यार्थ्यांना हे इतकं पटकन दिसत नसेल. आपण चौथीत पाठ केलेलं असतं.

आणखी एक गंमत. १६व्या शतकाच्या सुरुवातीचं एक जपानी कोडं आहे: आईशी दोनदा भेट होते, वडिलांशी एकदाही नाही, ते काय? उत्तर: ओठ. आई म्हणजे हाहा, वडील म्हणजे चिचि. हाहा म्हणताना आज ओठ जवळही येत नाहीत. तेव्हा तो 'फाफा' होता म्हणूनच कोडं जुळतं.

यात गोव्याचाही धागा आहे. फ्रान्सिस झेवियर १५४९ मध्ये गोव्याहून निघून कागोशिमाला पोचले. त्यांच्यामागून गेलेल्या जेसुइट धर्मप्रसारकांनी १५९० मध्ये छापखाना नेला, तोही गोव्याच्या वाटेने. १६०३ मध्ये नागासाकीत त्यांनी जपानी-पोर्तुगीज शब्दकोश छापला. त्यात फूल 'हाना' नसून 'फाना' आहे, माणूस 'हितो' नसून 'फितो'. जपानी लोक आपल्या अक्षरांत जे लपवून बसले होते ते रोमन लिपीने उघड केलं.

इचि, नि, सान... हे आकडे चिनी आहेत ना? मग मँडरिनशी जुळत का नाहीत?

आहेत, आणि जवळजवळ सगळे गो-ओन आहेत. मँडरिनने स्वतःच शेवटची व्यंजनं गमावली, म्हणून ते जुळत नाहीत. हाँगकाँगची कँटोनीज विचारा. सहा: लुक, जपानी रोकु. एक: यात, जपानी इचि. सात: चात, जपानी शिचि. आठ: बात, जपानी हाचि. दहा: साप, जपानी जू.

जुन्या चिनीत शब्द प, त, क या बंद व्यंजनांनी संपत. जपानीत व्यंजनान्त शब्द चालतच नव्हते, म्हणून शेवटी एक स्वर चिकटवला: क ला उ किंवा इ, त ला इ किंवा उ. आपण 'स्कूल'ला 'इस्कूल' म्हणतो तसंच, फक्त त्यांनी शेपटीला जोडलं. देश कोकु, शिकणं गाकु, दगड सेकि, बुद्ध बुत्सु (चिनीत 'बुत').

दहाच्या जूमध्ये प कुठे दिसतो? तो गिळला गेलाय. मूळ 'जिपु', मग 'जिफु', मग 'जिउ', मग जू. शेवटी प असलेल्या सगळ्या शब्दांची हीच गत. फुलपाखरू चोऽ: 'तेपु', 'तेफु', 'तेउ', 'चोऽ'. १९४६ मध्ये लेखन सुधारणा होईपर्यंत जपानी मुलं चोऽ असं म्हणायची आणि 'ते-फु' असं लिहायची.

दहा मिनिटं म्हणजे जिप्पुन की जुप्पुन?

लोक जुप्पुन म्हणतात, पुस्तकात जिप्पुन असतं, आणि २०१०च्या अधिकृत कांजी तक्त्याने जुप्पुनही मान्य केलं. जिप्पुन इतिहासाने बरोबर: जिप पुढच्या प ला भिडला आणि जोडाक्षर झालं. जुप्पुनमध्ये लोकांनी नंतरच्या जूवर जुना 'प्प' चढवला. परीक्षेत काहीही लिहा, पण कारण लक्षात ठेवा. तीच गोष्ट 'गाक्कोऽ' (गाकु आणि कोऽ, शाळा) मध्ये आणि 'निक्कि' (निचि आणि कि, रोजनिशी) मध्ये आहे. दोन शब्द जोडले की चिकटवलेला स्वर गळतो आणि मूळचं चिनी व्यंजन पुढच्याला जाऊन चिकटतं.

प च्या शब्दांत हे जास्त मजेचं. 'आत घेणे, भरणे' हे चिन्ह करभरणा या नोऽझेइ शब्दात नोऽ आहे, पण नात्तोऽमध्ये 'नात' आहे. नात्तोऽ म्हणजे आंबवलेली सोयाबीन, पहिल्या घासाला बहुतेक मराठी लोक पानावरून उठतात. 'मिसळ, किरकोळ' हे चिन्ह फरशी पुसायच्या फडक्याला झोऽकिन म्हणताना झोऽ, आणि मासिकाला झाश्शि म्हणताना झाश. दोन्हींच्या पोटात एकेक मेलेला प आहे.

शेवटचे ङ आणि म कुठे गेले?

ङ स्वरात विरला. पूर्व 'तुङ' होती, ती तोऽ झाली, राजधानीची क्योऽ. म्हणून तोऽक्योऽमध्ये दोन्ही ओ लांब. (१८६८ मध्ये नाव ठेवल्यावर सुरुवातीला काही लोक दुसऱ्या चिन्हाचा कान-ओन घेऊन 'तोऽकेइ'ही म्हणत.) अगदी जुन्या काळात घेतलेल्या थोड्या शब्दांत ङ चा ग राहिलाय, फाशांचा खेळ सुगोरोकु हा त्यातला.

म आणि न दोन्ही मिळून एकच 'न' उरला. तीन मूळचा 'साम', आता सान. पण खुणा सापडतात. तिसऱ्या श्रेणीचा दरबारी 'सान' आणि 'इ' मिळून 'सान्इ' व्हायला हवा, तो 'साम्मि' आहे. तिसऱ्या मुलाचं नेहमीचं नाव साबुरोऽ, त्यातला ब त्याच म चा. न चीही अशीच खूण: अवलोकितेश्वराला जपानीत कान्नोन म्हणतात, मूळ 'क्वान' आणि 'ओन', न दुहेरी होऊन बसला. १९३४ मध्ये एका नव्या कॅमेऱ्याच्या नमुन्याला 'क्वानोन' नाव दिलं होतं, पुढे त्याचंच कॅनन झालं. त्या 'क्वा'मध्ये जुनं लेखन दिसतं; बोलण्यात तो बहुतेक ठिकाणी केव्हाच नुसता 'का' झाला होता.

जपानीवर याचा उलट परिणाम झाला का?

झाला, आणि मोठा. मूळ जपानी शब्द साधे होते: एक व्यंजन, एक स्वर, पुन्हा एक व्यंजन, एक स्वर. लांब स्वर, शेवटचा न, क्या-क्यू-क्योऽसारखी जोडाक्षरं, द्वित्त, हे सगळं अंगवळणी पडलं ते बरंचसं चिनी शब्दांच्या सवयीने. मूळ जपानी शब्द र ने सुरू होत नसे. आजच्या शब्दकोशात र ची पानं चाळली तर जवळजवळ सगळी पाहुणेमंडळी. ग, द, ब ने सुरू होणंही जुन्या जपानीत बसत नव्हतं. आणि प? ह झालेला प द्वित्तात लपून राहिला होता, तो शब्दाच्या सुरुवातीला पुन्हा उजळ माथ्याने आला पोर्तुगीजांबरोबर. ब्रेडला जपानीत पान म्हणतात. ज्या पोर्तुगीज शब्दाचा आपण पाव केला, त्याचाच तो पान.

चिनीतले सूर, म्हणजे अर्थ बदलणारे आवाजाचे चढउतार, गेले कुठे?

गेले. क आणि ख, त आणि थ यांतला फरकही गेला, जो आपल्याला सहज ऐकू येतो. चिनीत आकाश 'थ्येन' आणि ग्रंथ 'त्येन', वर सूर निराळे. जपानीत दोन्ही तेन. म्हणून जपानीत समोच्चारी शब्दांचा सुकाळ आहे. विज्ञान आणि रसायनशास्त्र दोन्ही कागाकु. दुसऱ्याला बोलताना मुद्दाम 'बाकेगाकु' म्हणतात, म्हणजे पहिलं चिन्ह जपानी उच्चाराने वाचून. खासगी शाळा आणि नगरपालिकेची शाळा, दोन्ही शिरित्सु. फोनवर जपानी माणूस हवेत बोटाने चिन्ह काढताना दिसला तर हसू नका.

चारला शि आणि मरणालाही शि. इस्पितळात चार नंबरची खोली टाळतात ती यामुळे, आणि चारला योन म्हणतात तेही बऱ्याच अंशी यामुळेच.

ओशोऽ म्हणजे काय?

पुणेकरांना हा शब्द वेगळ्याच कारणाने ठाऊक आहे. जपानीत तो बौद्ध आचार्यांसाठी आहे, आणि सगळ्या लाटा एका शब्दात पाहायच्या तर याच्यासारखा नमुना नाही. चिन्हं तीच दोन. शिन्गोन पंथात वाजोऽ म्हणतात, तो गो-ओन. तेन्दाइ पंथात काशोऽ, तो कान-ओन. झेनमध्ये ओशोऽ, तो तोऽ-ओन. चुकीच्या देवळात चुकीचा उच्चार केला तर कुणी रागावत नाही, पण तुम्ही पाहुणे आहात हे कळतं. आणि मूळ? मध्य आशियाच्या भाषांतून झिजत चीनला गेलेला आपला 'उपाध्याय'. म्हणजे आडनावाच्या उपाध्यांचे हे लांबचे चुलतभाऊ.

तोऽ-ओनचे बाकीचे शब्द घरगुती आहेत, कारण भिक्षू आणि व्यापारी वस्तू घेऊन आले: बसायची खुर्ची इसु, अंथरायचं फुतोन, गोड सारणाचा मान्जू, दुकानाच्या दारावरचा कापडी पडदा नोरेन, कागदी कंदील चोऽचिन.

नवऱ्याला किंवा मालकाला दान्ना म्हणतात, त्याचा उगम मात्र जुना बौद्ध आहे: दान. दान देणारा तो दान्ना, मग आश्रयदाता, मग घरचा कर्ता. जपानी मैत्रिणीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, आमचे दान्ना घरात काय दान करतात ते जरा विचारून सांग.

चुकून पडलेले उच्चार आहेत का?

भरपूर, आणि त्यांना रीतसर नाव आहे: कान्योऽ-ओन, म्हणजे रूढ उच्चार. झीज होणे, संपणे याला शोऽमोऽ म्हणतात. शब्दकोशाप्रमाणे तो शोऽकोऽ असायला हवा होता. दुसऱ्या चिन्हात 'मोऽ' असा भाग दिसतो, लोकांनी त्यावरून वाचलं, आणि शेवटी तेच खरं ठरलं. आयात-निर्यातीतला 'यु' ही असाच, मूळ शु. आपल्याकडे चुकीचा शब्द रुळला की वर्तमानपत्रात पत्रं येतात. तिकडे त्याला वर्ग करून शब्दकोशात जागा दिली.

मँडरिन येत असेल तर फायदा होतो का?

एका बाबतीत चांगलाच. मँडरिन शब्द न ने संपत असेल तर जपानीत न, आणि ङ ने संपत असेल तर जपानीत लांब स्वर. डोंगर 'शान', जपानी सान. वर 'शाङ', जपानी जोऽ. राजा 'वाङ', जपानी ओऽ. लांब-आखूड ओ चे गुण ज्यांचे जातात त्यांनी हा एवढा नियम उचलावा. बाकी शेवटच्या प-त-क साठी कँटोनीज किंवा कोरियन जास्त कामाची.

पाठ कसं करायचं?

एकेक चिन्हाचे उच्चार यादीने घोकू नका, शब्द घोका. ज्या शब्दात दोन्ही चिन्हं चिनी उच्चाराने वाचायची आहेत, तिथे सहसा एकाच लाटेतली जोडी असते: केइदाइ घ्या, किंवा ब्योऽदोऽ. सरमिसळही होते, तिचा त्रास करून घेऊ नका.

दुसरं, चिन्हाचा एक भाग, बहुतेकदा उजवा, बघा. 'उलट' या चिन्हाचा उच्चार हान. तोच भाग भात, फळी, छापील आवृत्ती, विक्री या चिन्हांत आहे आणि सगळ्यांचा उच्चार हान. गोहान (जेवण) मधला हान आणि रस्त्यावरच्या जिदोऽ-हान्बाइकि (नाणं टाकून वस्तू देणारं यंत्र) मधला हान, दोन्ही तिथूनच. 'निळा' म्हणजे सेइ. स्वच्छ, निरभ्र, शांत या चिन्हांत तो भाग आहे आणि तीही सेइ. नेहमी साधत नाही. देवळाचा 'जि' वेळेत आणि धरण्यात जि राहतो, पण कवितेत शि, आणि वाट बघण्यात चक्क ताइ होतो.

माणसांची नावंही याच नियमांनी वाचता येतात?

नाही. नावात गो-ओन, कान-ओन, जपानी उच्चार आणि आईवडिलांची हौस सगळं एकत्र असतं. जपानी लोकही एकमेकांना विचारतात, आणि तिथल्या जवळपास प्रत्येक अर्जात नावाच्या वर उच्चार लिहायला वेगळी चौकट असते. तुम्हीही कार्ड दोन्ही हातांनी घ्या, वाकून बघा आणि विचारा.